कैलासवासींना टेबलफॅन सप्रेम भेट

समस्त नाट्यरसिकांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, ऐन रंगमंचावर माझं निधन झालं.

तसा मी दरवर्षीच मरतो. किन्हवलीजवळच्या आमच्या गावात सत्यनारायणाच्या पूजेला नाटक असतं, आणि मला पाठांतर होत नसल्याने मंडळ मला नेहमी प्रेताचं काम देतं. (मी कामाला आहे त्या वाशिंदच्या कारखान्यातही फारसा हलत नाही, असं बरोबरचे कामगार म्हणतात. पण ते जाऊ द्या.)

एरवी नाटक रात्री असतं. यंदा मात्र गावात संध्याकाळपासून एका लग्नाची हळदी, आणि हळदीला डीजे! डीजेपुढे आमचं कोण ऐकणार? म्हणून प्रयोग ठरला दुपारी, समाजमंदिरात. वर पत्रा. ज्याने तो टाकला, त्याला बहुतेक सगळ्या गावाला पुरेल एवढा तवा करायचा होता.

नेमकी त्याच दिवशी मुरबाडहून माझ्या लेकीच्या, ज्योतीच्या स्थळाकडची मंडळी आली. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत. अडलं होतं ते मुलाच्या आईपाशी. बाई भारी चौकस. दर भेटीत एकच प्रश्न, "घरान्यात कोनाला हार्टचं बिर्टचं काय नाय ना?"

ज्योतीने मला सकाळीच बजावलं, "बाबा, आज नीट मरा. आणि पडदा पडला की लगेच उठून दाखवा!"

मी बायकोला बजावलं, "त्यांच्यासमोर माझ्याविषयी एक शब्द बोलू नकोस."

"मी कशाला बोलतंय?" ती म्हणाली.

पडदा वर गेला. मी बाजेवर, नाकात कापूस, अंगावर पांढरी चादर. माझ्या मुलाचं काम करणारा सुरेश हंबरडा फोडत आला. "बाबा! किती गार पडलात ओ!" म्हणत त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला.

"गार कसला रे? चटका बसला ना?" प्रेक्षकांतून आवाज.

तोवर चादर मला चिकटली होती. पुढच्या रांगेतली म्हातारी ओरडली, "गो बाय, परेताला घाम फुटलाय!"

आता, आमच्याकडे नाटक चालू असताना मध्येच बक्षीस जाहीर करायची रीत आहे. कुणी खूश झालं की पांडूकाका माइक घेतात आणि नाटक जागच्या जागी थांबतं. पांडूकाका माइकवर आले. "मारुतीच्या देवळाकडून कैलासवासींना एक टेबलफॅन सप्रेम भेट! नाटक संपल्यावर परत करावा!"

फॅन आला. (त्याच्या बुडाला कुणाच्या तरी 'स्मरणार्थ' असं रंगवलेलं होतं. योग्य ठिकाणी पोचला!) बटण दाबताच चादर उडाली आणि खालची माझी पट्ट्यापट्ट्यांची हाफ पॅन्ट उभ्या गावाने पाहिली. मयताने हात लांब करून चादर ओढून घेतली.

"वन्स मोर!" गाव ओरडलं.

लगेच दुसरी घोषणा. "महिला बचत गटाकडून मयताला तांब्याभर ताक!"

सुरेश हुशार. "बाबा, शेवटचे दोन घोट गंगाजल घ्या!" म्हणत त्याने तांब्या माझ्या तोंडाला लावला. मी मेलेल्या अवस्थेत तांब्या तळापर्यंत रिकामा केला.

पोटात ताक, पायाशी वारा. यापुढचं मला ज्योतीकडून कळलं.

पडदा पडला. नमस्कारासाठी पुन्हा वर गेला. सगळे हात जोडून उभे, मी आडवाच! सुरेशने बाजेला हळूच लाथ मारली. "काका, उठा. संपला नाटक." मी ढिम्म.

तोच बायकांच्या बाजूने आरोळी आली, "अवो! उठा ना वो!" माझी बायको पदर खोचून थेट स्टेजवर आली आणि ऊर बडवायला लागली. टाळ्यांचा कडकडाट!

"काय काम करते रे ही! मुंबयवरना आनली काय?" हळदीला आलेला एक पाहुणा म्हणाला.

पांडूकाकांनी माइक उचलला. "या गुनी कलाकाराला सरपंचांकडून एक नारळ!"

"नारळ घाला चुलीत!" ती किंचाळली. "माझा मानूस उठत नाय!"

ज्योतीचा चेहरा पांढराफटक. मुरबाडची बाई उठली, तरातरा स्टेजवर आली, माझं मनगट धरलं आणि छातीला कान लावला.

आणि मी घोरलो. असा घोरलो, की शेजारी उभ्या पांडूकाकांच्या माइकने ती वार्ता बाहेरच्या वडापाववाल्यापर्यंत नेली!

डोळे उघडले तर समोर भावी विहीणबाई. मी सवयीने परत मिटले.

"हार्ट ठणठणीत हाय!" बाईंनी जाहीर केलं. "असल्या भट्टीत ज्याला झोप लागते, त्याला कसला आलाय आजार? बोला, सुपारी कवा फोडायची?"

ज्योती रडता रडता हसायला लागली. मी हाफ पॅन्टवरच उठून हात जोडले. विहीणबाईंचं कौतुक काही थांबेना. "पर मानला तुमाला, भाऊ! येवढ्या उकाड्यात इतका वेळ पडून, तोंडातना शब्द नाय!"

बायकोचे डोळे अजून ओले होते. सुटकेच्या आनंदात ती माझी ताकीद साफ विसरली, आणि पांडूकाकांचा माइक नेमका तिच्या तोंडाशी होता.

"त्यात काय येवढा, ताई? घरी पन असंच पडलेलं असतात! हितं फक्त च्या नाय मागितला!"