लांब दोर

इलारियो कांतू डूख धरणारा माणूस होता, आणि त्याबद्दल त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही. नुएसेस नदीकाठी जन्मला, नीट चालायच्या आधी घोड्यावर बसला, आणि जन्मभर लोकांची गुरं टेक्सासातून कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत हाकत राहिला. त्याचा धाकटा भाऊ चेमा एका खेपेहून परतलाच नाही. मुकादम क्लेम प्रुइट गावात येऊन म्हणाला, "पोरगं माझा घोडा घेऊन पळालं." चोराच्या उलट्या बोंबा! गाव त्यांच्या आईला 'चोराची आई' म्हणू लागलं. म्हातारीनं चर्चमध्ये जाणं सोडलं.

त्या खेपेतल्या एका गुराख्यानं दारूच्या भरात खरं ओकलं. प्रुइटनं चेमाला जबरदस्तीनं पुराच्या पाण्यात घातलं होतं, आणि पोरगं बुडालं होतं. शुद्धीवर आल्यावर गडी साफ नाकबूल. तेव्हा पुढल्या साली इलारियोनं प्रुइटच्याच कळपावर नोकरी धरली.

रेड नदी फुगली होती. "दोन दिवस थांबू," सगळे म्हणाले. प्रुइट कसला ऐकतोय! गुरं पाण्यात घातली, आणि मधोमध बिथरून ती एकमेकांभोवती गरगर फिरू लागली. अशा वेळी कुणीतरी आत घोडा घालून ते रिंगण फोडावं लागतं, नाहीतर सगळी बुडतात.

"ए इलारियो, बघत काय बसलास? घाल घोडा!"

"गेल्या साली आमच्या घरचा एक घातलात ना, मालक? यंदा तुम्ही जा."

एकही गडी हलला नाही. प्रुइटनं सगळ्यांची आय-माय उद्धरली आणि स्वतः उतरला. भित्रा नव्हता मेला. रिंगण फुटलं, गुरं काठाला लागली. पण घोडा बुडाला आणि प्रुइट एका अडकलेल्या ओंडक्याला लोंबकळत राहिला. इतरांचे दोर आखूड. तिथवर पोचेल असा कातड्याचा लांब दोर एकट्या इलारियोकडं होता.

"टाक ना रे, टाक!"

"आधी चेमाचं बोला. मोठ्यानं."

"बुडाला तो! मीच पाठवला! घोडा नाही चोरला त्यानं!"

"ऐकलंत?" इलारियोनं गड्यांना विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मग त्यानं दोर गुंडाळला आणि खोगिराला अडकवला. ओंडका सुटला, प्रुइटला घेऊन गेला, आणि गडी गुरांकडं वळले.

घरी आल्यावर त्यानं आईला सगळं सांगितलं. म्हातारी मक्याची भाकरी भाजत होती.

"दोर नव्हता तुझ्याकडं?"

"होता, आई."

तिनं त्याच्या ताटात आणखी घेवडा वाढला. "पोटभर जेव," म्हणाली.