नानांचे तीन चमचे

खान्देशात एखाद्याचं तेल बंद झालं की किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमच्या जळगावच्या ऑफिसातले हेडक्लार्क नाना. मूळ धुळ्याकडचे, घर पिंप्राळ्याला. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास छातीत दुखून चार दिवस दवाखान्यात राहिले. डॉक्टर म्हणाले, "तेल-तूप कमी करा, नाहीतर माझी गॅरंटी नाही!" नानांच्या पत्नी, म्हणजे आमच्या अक्का, पार हादरल्या.

*

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, 'तेल : रोज तीन चमचे.' दुसऱ्याच दिवशी नाना वांग्याच्या भाजीवर वाढायच्या पळीने तेल ओतताना सापडले! अक्का ओरडल्या. नानांनी शांतपणे कागद पुढे केला. "यामा चमचा कोणता, ते लिखेल नही शे!"

अक्कांनी त्याच दिवशी नातवाला औषध पाजायचा चमचा तेलाच्या बरणीपाशी ठेवला.

*

मग कुणीतरी सांगितलं, करडईचं तेल हार्टला चांगलं. नाना रोज सकाळी अर्धी वाटी पिऊ लागले. भाजीत शेंगदाण्याचं चालूच! डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, तर नाना म्हणतात, "ते जेवण शे, हाई औषध शे!"

*

अक्कांनी रडून शपथ घातली तेव्हा कुठे नाना सुधारले. ऑफिसची मंडळी शेवभाजी खायला गेली की ते वरची लालभडक तर्री चमच्याने निगुतीने काढायचे. पण तर्री काय फेकायची असते? ती माझ्या वाटीत यायची. सहा महिने हेच!

पुढच्या तपासणीला मी सोबत गेलो, तर डॉक्टरांनी माझंही रक्त घेतलं. नानांचं कोलेस्टेरॉल उतरलं होतं. ते कुठे गेलं, हे माझ्या रिपोर्टात होतं!

*

वर्षभराने डॉक्टर म्हणाले, "आता नवीन म्हणतात, घरचं तूप थोडं चालेल. वनस्पती तूप मात्र नको."

नाना उसळले. "मग वर्षभर तुपाशिवाय कोरड्या बट्ट्या गिळल्या, त्या कोण भरून देणार?"

अक्का मात्र हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, एकदा काय ते नक्की सांगा. मला हा माणूस हवाय." डॉक्टर नुसतेच चष्मा पुसत बसले.

*

त्या हिवाळ्यात शेतात ऑफिसची भरीत पार्टी होती. भरीत कुटायचा मान वीस वर्षं नानांचाच. अक्का तो औषधाचा चमचा घेऊन आल्या, आणि पहाऱ्याला डॉक्टरांनाही घेऊन आल्या.

नानांनी भाजलेली वांगी, मिरच्या कुटल्या. तेल पडायच्या आधी स्वतःचा वाटा बाजूला काढला, चमचाभर तेल घेतलं आणि मुकाट जेवायला बसले. घास मात्र तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. मला फार वाईट वाटलं.

अक्का बराच वेळ बघत होत्या. मग चमचा पदराला पुसून पिशवीत टाकला, तेलाच्या पातेल्यातली पळी उचलली आणि तेल सरळ नानांच्या ताटात ओतलं.

"डॉक्टर, जरा तोंड तिकडे फिरवा."

"केव्हाच फिरवलंय, अक्का," पाठमोरे डॉक्टर म्हणाले आणि खांद्यावरून आपलं ताट मागे केलं. "अर्धी पळी इकडेही येऊ द्या!"