खोक्यातली आमटी

सोलापुरात आमचा संसार सुरू झाला तेव्हा आम्ही दोघंही नोकरी करत होतो. मी मुलींच्या शाळेत शिकवायची आणि हे सरकारी कचेरीत कारकून होते. घरात तिसरं माणूस नव्हतं. माझी शाळा सकाळी सातची. त्यात रॉकेल रेशनवर. रांगेत उभं राहून आणलेला डबा महिनाभर पुरवायचा तर डाळ शिजेपर्यंत स्टोव्ह जाळत बसणं शक्य नसे.

आमच्या महिला मंडळात एकदा एका बाईंनी गवताच्या पेटीत नुसत्या उबेवर अन्न शिजवून दाखवलं. ते पाहून मी वाण्याकडून चहाचं रिकामं खोकं आणलं. आतून चंदेरी कागद असलेलं, चांगलं मजबूत. त्यात गव्हाचं काड ठासून भरलं, मधे पातेल्यापुरती जागा ठेवली आणि वरून दाबायला जुन्या लुगड्याची जाड उशी शिवली. सकाळी डाळीला खळखळून उकळी आणायची, घट्ट झाकण लावून पातेलं काडात बसवायचं, वर उशी दाबायची आणि शाळेत जायचं. दुपारी परत यावं तर डाळ मऊ शिजलेली असे, आणि पातेलं फडक्याशिवाय उचलता येत नसे.

त्या खोक्याचा मला भारी अभिमान होता. शेजारणी मुद्दाम बघायला यायच्या. उरल्यासुरल्याचंही मी काही ना काही करायची. शिळ्या भाकरीचे फोडणीचे तुकडे, उरलेल्या वरणात पीठ मळून धपाटी, भाताचे वडे. ‘माझ्या घरात कण वाया जात नाही,’ असं मी मंडळात उभं राहून सांगितलं होतं आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आम्हा दोघांना जे संपत नसे ते मी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना देई. त्यांना दिलं की ते सत्कारणी लागलं, असं मी धरून चाले.

मावशी माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. नवरा गिरणीत कामाला, घरात म्हातारी सासू आणि दोन मुली. मूळच्या अक्कलकोटकडच्या, त्यामुळे सासूशी कधी कधी कानडीत बोलायच्या. पलीकडच्याच गल्लीत त्यांचा दीर राहायचा. त्याच्याकडे एक म्हैस होती. जाऊबाई आणि मावशी दोघी सख्ख्या बहिणींसारख्या. ‘आमची जाव’ हा शब्द मावशींच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी यायचा.

ते परीक्षांचे दिवस होते, म्हणजे एप्रिलचा कडक उन्हाळा. एके दिवशी यांच्या कचेरीतले चारजण आमच्याकडे संध्याकाळी जेवायला येणार होते. म्हणून मी सकाळीच चवळीची आमटी मोठ्या पातेल्यात चढवली. आधण नीट यायच्या आतच स्टोव्ह फुरफुरायला लागला. पिन मारली, पंप मारला, पण ज्योत काही धरेना. सात वाजत आलेले. कडेला जरा बुडबुडे दिसले तेवढ्यावर मी पातेलं खोक्यात ठेवलं आणि निघाले. शाळेत पेपर तपासायला बसवलं, घरी यायला साडेपाच वाजले.

हे माझ्या आधी येऊन बसले होते. म्हणाले, “अगं, ती मंडळी येत नाहीत. साहेबांनी त्या चौघांना दौऱ्यावर नेलं.”

मी खोक्यावरची उशी काढली. पातेलं कोमट होतं. झाकण उघडलं तर वर बारीक फेस आणि वास आंबूस. फार नाही, पण होता. मी नाक जवळ नेऊन दोनदा घेतला. ती आमटी बिघडली होती हे मला तेव्हाच कळलं होतं. पुढे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की मला नक्की कळलं नव्हतं. पण मला कळलं होतं.

एवढं मोठं पातेलं मोरीत ओतायचं मन होईना. मी स्टोव्ह दुरुस्त केला, आमटी उकळली, चिंचेचा कोळ आणि गूळ घातला, लसणाची झणझणीत फोडणी दिली आणि वरून दोन चमचे काळं तिखट. वास गेला. मग आम्हा दोघांसाठी मी वेगळं पिठलं टाकलं.

“आणि आमटी?” यांनी विचारलं.

“ती मावशींना देते. आपल्याला एवढी कुठं संपणार?”

मावशी आल्या, भांडी घासली आणि पातेलं पदराखाली घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, “बाई, वास लई झ्याक सुटलाय की! आज चूल पेटवायला नगं.”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उशिरा आल्या त्या दाराशीच बसल्या. चेहरा ओढलेला.

“घरातली समदी पडलीत बाई. उलट्या, जुलाब. मी न् मालक उठलो. सासूला अजून उठवत न्हाय. धाकटी तर सिविलमधी हाय, सलाईन लावलंय.”

“कशानं झालं?” मी विचारलं.

“आमच्या जावंनं खरवस दिला हुता त्या दिवशी. म्हस व्यालीया तिची. त्यानंच, दुसरं काय!”

मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला, मुलीसाठी मोसंबी आणायला पैसे दिले. म्हणाले, “कामाची काळजी करू नका, मी करीन.” त्या माझे हात धरून रडल्या. “तुमच्यासारखी मानसं न्हाईत बाई,” म्हणाल्या. त्या वेळी जमीन दुभंगावी असं वाटलं. तरी मी आमटीचं नाव काढलं नाही.

मुलगी चार दिवसांनी घरी आली. सगळे बरे झाले. मला वाटलं, संपलं. पण तिकडे पलीकडच्या गल्लीत काय चाललं होतं ते मला मावशींच्याच तोंडून कळत गेलं. जाऊबाई म्हणाली होती, “माझ्या पोरींनी बी त्योच खरवस खाल्ला, त्यांना कसं काय न्हाय झालं?” त्यावर सासू म्हणाली, “मग आमच्या वाटीत काय घातलं हुतंस?” बोलण्यानं बोलणं वाढलं. जाऊबाईला मुलगा नव्हता, दोन्ही मुलीच. मावशींनाही मुलीच. पण मावशींना त्या वेळी दिवस गेले होते आणि ह्या आजारपणात ते राहिलं नाही. हे मला महिन्याने कळलं. मावशींना मुलगा होऊ नये म्हणून जावेनंच काहीतरी घातलं, असं सासूनं सरळ म्हटलं. दोन्ही घरांचं येणंजाणं तुटलं. नळावरही दोघी पाठ फिरवून उभ्या राहायला लागल्या.

एकदा मी धीर करून म्हटलं, “मावशी, त्या दिवशी मी आमटी दिली होती, तिनं तर नसेल...”

त्या हसल्या. “काय बी बोलता! तुमच्या घरचं कसं बादंल? तुमी किती सोवळ्यातलं करता.”

मला आणखी एकच वाक्य बोलायचं होतं. ते मी गिळलं आणि वर थोडं बरंही वाटलं, की मी तर सांगून पाहिलं होतं.

असे सहा-सात महिने गेले. दिवाळी आली. वसुबारसेच्या दिवशी मावशी भांडी घासता घासता थांबल्या आणि म्हणाल्या, “दर साली जावंच्या म्हशीच्या दुधाचे पेढे करायचो आमी दोघी. औंदा काय...” आणि तोंडात पदराचा बोळा कोंबला.

मी त्यांच्या समोर मोरीच्या कट्ट्यावर बसले आणि सांगून टाकलं. फेस आला होता, वास येत होता, मी चिंच-तिखट घालून तो झाकला, आणि आम्ही स्वतः पिठलं खाल्लं. ते पिठल्याचं सांगताना माझी जीभ अडखळली.

मावशींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “तवाच का न्हाय बोलला?”



“माझ्या जावंला मी काय काय बोलले बाई. तिच्या तोंडावर बोलले.” त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि उठल्या. “चला माज्यासंगं. तुमच्या तोंडानं सांगा तिला.”

मी तशीच चप्पल घालून निघाले. जाऊबाई अंगणात शेणी रचत होती. आम्हाला बघून उभी राहिली, पण ‘या’ म्हणाली नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. गल्लीतल्या दोन-तीन बायका दारात येऊन ऐकत होत्या. मला वाटलं होतं ती माझ्यावर चिडेल, चार शिव्या देईल. ते मला हवंही होतं. पण तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. ती मावशींकडं बघत म्हणाली, “तुला हे ह्यांनी येऊन सांगावं लागलं व्हय? मी इतक्यांदा सांगत हुते तवा न्हाय पटलं?”

मावशी खाली वाकून शेणी उचलून जावेच्या हातात द्यायला लागल्या. जाऊबाईनं पहिली घेतली नाही. दुसरीही नाही. तिसरी घेतली. मी तिथून निघाले. मला कुणी थांबवलं नाही.

दोघींचं हळूहळू जुळलं. पूर्वीसारखं नाही, असं मावशीच एकदा म्हणाल्या. सासूनं मात्र शेवटपर्यंत मानलं नाही. बाईला कुणीतरी पढवून आणलं, असंच ती म्हणत राहिली.

मावशींनी माझं काम सोडलं नाही. यांची बदली होईपर्यंत, पुढची तीन वर्षं, त्या रोज सकाळ-संध्याकाळ आल्या. बोलायच्या, हसायच्या, मला पुढे मुलगा झाला त्याला तेल लावून आंघोळ घालायच्या. फक्त माझ्या घरचं शिजवलेलं त्यांनी परत कधी घेतलं नाही. संक्रांतीच्या शेंगापोळ्या मी गरम गरम ताटात वाढून समोर ठेवल्या तरी म्हणायच्या, “नगं बाई. द्यायचंच आसंल तर कोरडं द्या.” मग मी पदरात जोंधळे घालायची, डाळ घालायची. त्या गाठ मारून घ्यायच्या आणि ताटातली पोळी तशीच राहायची.