दोन्हीकडून काळा लेपा

बायकोबरोबर शेवटचा बाजार केला तो डहाणूत, नरपडच्या मासेवालीकडे. ही बाई प्रत्येक चपटा लेपा उलटून दाखवते, एक बाजू काळी, एक पांढरी, आणि गिऱ्हाइकावर खेकसते. काळ्या बाजूचं कातडं बायकोच सोलायची. ती गेली, मी मासळी सोडली.

काल मासेवालीनेच हाक मारली. हातातला लेपा दोन्हीकडून काळा होता.

"जन्मताच असा हाय, बाबा. कोणी घेत नाय, तुझ्यासारखा एकटा पडलाय."

"मला सोलता येत नाय."

तिने शेपटीकडे कातडं जरासं सोडवून मासा माझ्या हातात दिला. "ओढ."

ओढलं. आत पांढराशुभ्र.

"आता दुसरी बाजू तूच सोडव."

वेळ लागला, पण सुटली.

आज सकाळी पुन्हा गेलो. म्हटलं, "बाय, लेपा दे. न सोलता."