फर्नच्या गाभ्याची भाजी

काल वारज्याच्या नर्सरीत कापलेल्या फर्नचा ओला वास आला आणि मला फार वर्षांपूर्वीची एक भाजी आठवली.

तेव्हा मी एका बाईंच्या बंगल्यात बाग आणि स्वयंपाक दोन्ही बघायचो, म्हणजे दोन्ही बिघडवायचो. अंगणात त्यांच्या वारलेल्या मालकांनी लावलेलं माणसाएवढं फर्नचं झाड होतं. शेजारचा आसामी भाडेकरू म्हणाला, "आमच्याकडे याचा गाभा शिजवून खातात." झालं! शाळा नसली तरी केळ मला पाठ. तोडली की बुडातून पिल्लं येतात. मी शेंडा उडवला, गाभा चिरला, दाण्याचं कूट घालून भाजी केली.

"छान झालीय. कसली हो?"

मी ऐटीत अंगणाकडं बोट दाखवलं. बाईंचा घास हातातच राहिला.

"फुटेल की परत, केळीसारखं."

"हे फुटत नाही. ह्यांनी अठरा वर्षं वाढवलं, तुम्ही एका जेवणात संपवलंत."

बाईंनी मात्र तो घास खाल्ला, ताट अगदी पुसून संपवलं. मालकांच्या हातचं त्यांना टाकवत नव्हतं, हे मला काल नर्सरीत उभ्याउभ्या कळलं. तेव्हा मला वाटलं, माफी मिळाली.

मी विचारलं, "आणखी वाढू का?"