उदगीरच्या अलीकडे

आमची पोस्ट उत्तरेच्या सरहद्दीवर, बर्फात होती. मी नांदेडचा, सिग्नलचा हवालदार. नाईक इलियास उदगीरचा. अख्ख्या पोस्टवर मराठवाड्याचे आम्ही दोघेच, त्यामुळे मराठीत भांडायलाही तिसरं कोणी नव्हतं. सुट्टी मिळाली की माझ्या गाडीनं नांदेडहून त्याच्या घरी जायचं, वाटेत हवं तिथं उतरून भटकायचं, असं ठरलं होतं.

त्या सकाळी ०६१० ला इलियासची गस्तीची तुकडी निघाली; मी पोस्टवर रेडिओजवळ होतो. ०७२० ला बर्फाचा कडा कोसळला. इलियास बर्फातल्या खोल भेगेत पडला. सोबत्यांचा दोर तिथवर पोचेना. त्याचा रेडिओ मात्र चालू होता.

कंपनी कमांडर मला म्हणाले, "रेस्क्यू पार्टीला दोन तास लागतील. तोवर त्याला बोलता ठेव. झोपला की संपला."

काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणालो, "इलियास, नांदेडहून गाडी काढलीय. बस. ओव्हर."

"बसलो, दादा. ओव्हर."

रेडिओवरच आमची सफर सुरू झाली. विष्णुपुरीला त्याला उतरवून धरणाच्या कडेनं चालवलं.

"पाणी किती हाय रे?"

"लई हाय, दादा." तो हसलासुद्धा.

मी घड्याळ बघितलं. असंच गेलो तर तासाभरात उदगीर येणार. रस्ता संपल्यावर याला जागं कशावर ठेवायचं? म्हणून मी त्याला जागोजागी उतरवत सुटलो. लिंबोटी धरणाच्या काठावर, माळाकोळीच्या डोंगरात तरवडाच्या पिवळ्या फुलांतून, अहमदपूरच्या पुढं पळसाखाली.

"चाल, इलियास. दहा पावलं. ओव्हर."

"दादा, आता गार लागंना झालंय."

थंडी वाजायची थांबली की पुढं काय होतं, ते आम्हाला शिकवलेलं होतं.

०९०५ ला आम्ही उदगीरच्या अलीकडे, शिरूर ताजबंदला होतो. रेस्क्यू पार्टीनं कळवलं, अजून वीस मिनिटं.

"दादा, आता उतरवू नका. अम्मी वाट बघायलीय. घरी चला."

"इथं थोडं चालू. मग जाऊ."

"सरळ चला की, दादा."

"फक्त दहा पावलं. ओव्हर."

उत्तर आलं नाही. पार्टी पोचेपर्यंत मी हाका मारत राहिलो. ती ०९२७ ला पोचली, तेव्हा तो गेलेला होता.

डॉक्टरसाहेब म्हणाले, तुझ्या बोलण्यामुळेच तो इतका वेळ टिकला. असेलही. पण तो घरी चला म्हणत होता आणि मी त्याला चालवत होतो, हे मनातून जात नाही.

आता मी पेन्शनीत आहे. दरवर्षी बायकोला घेऊन उदगीरला त्याच्या अम्मीला भेटायला जातो. लिंबोटीचं भरलेलं पाणी दिसलं की बायको म्हणते, "जरा उतरू की. पाचच मिनिटं."

"येताना," मी म्हणतो. इलियासला घरी पोचवेपर्यंत मी गाडी कुठंच थांबवत नाही.