ती ओळ अक्कांची होती

पुष्पाअक्का पहिल्यांदा वर्गात आल्या तेव्हा नव्या मॅडम आल्या असं समजून सगळी मुलं उठून उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, वय तिशीच्या पुढे. "बसा रे भाऊ, मी बी आठेच बससू," असं म्हणत त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. दोंडाईच्याजवळच्या गावाहून त्या रोज एसटीने धुळ्याला यायच्या. लग्नामुळे सुटलेलं कॉलेज त्यांनी मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा धरलं होतं. सासू, गोजरामाय, घर सांभाळते म्हणून हे जमतं, असं त्या कोणी न विचारताही सांगायच्या.

मी तेव्हा धुळ्याच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवत होतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावला विद्यार्थ्यांसाठी जाहिरातींची स्पर्धा ठरली होती. आपल्या भागातल्या एखाद्या मालाची व्हिडिओ जाहिरात करून न्यायची होती. दोंडाईच्याच्या नानांच्या भट्टीतली संत्रागोळी अक्कांनीच सुचवली. मुलांना बागेत नाचणाऱ्या मुली हव्या होत्या. अक्का म्हणाल्या, "आधी पाहू, मग बोलू." कुठल्याही कामात त्यांचं हेच असे. त्यांनी सगळ्यांना स्टँडसमोरच्या किराणा दुकानापाशी दुपारभर उभं केलं. गोळी कोण घेतं आणि कशी खातं, एवढंच पाहायचं. पोरं गोळी कडाकडा फोडून मोकळी होत. बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्या मात्र ती गालात धरून बसत, आणि कोणी काही विचारलं तर हातानेच 'थांब' म्हणत.

अक्कांची जाहिरात तिथेच तयार झाली. ओट्यावर म्हातारी बसलेली, गालात गोळी. दूधवाला काही विचारतो, शेजारीण विचारते. म्हातारी नुसता हात वर करते. शेवटी सून येते. "माय, संपनी का?" म्हातारी म्हणते, "आजून शे." म्हणजे, अजून आहे. बस, एवढंच.

म्हातारीसाठी गोजरामायच हवी होती, पण ती तयार होईना. शहरातले लोक माझ्या बोलण्याला हसतील, हेच तिचं म्हणणं. अक्कांनी तिला शब्द दिला की तुमचं बोलणं जसं आहे तसंच लोकांना ऐकवीन, एक अक्षर बदलू देणार नाही. हा शब्द दिला तेव्हा मी त्यांच्याच ओट्यावर चहा पीत बसलो होतो.

शूटिंगला राजू आला. तो लग्नांचं शूटिंग करायचा. म्हातारीने हात वर केला की याचा कॅमेरा तिला सोडून अंगणात जमलेल्या माणसांवरून फिरायचा. लग्नात एखादा काका राहून गेला की पैसे अडतात, ही सवय अंगात भिनलेली. "अरे भाऊ, आठे कोनं लगीन नही शे," अक्का सांगायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. हॅलोजनच्या उष्णतेने बशीतल्या गोळ्या एकमेकींना चिकटल्या. गोजरामायची जीभ केशरी झाली, ती कंटाळली, रुसली. अक्कांनी तिला पाणी दिलं, पाय चेपले आणि ऊन उतरायच्या आत हवं ते मिळवलं.

कॅसेट कापून-जोडून पक्की करून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. जळगावचे परीक्षक ही बोली ऐकून नाकं मुरडतील, कॉलेजचं हसं होईल, असं माझ्या मनाने घेतलं. अक्कांना न विचारता मी एका सहकाऱ्याच्या पत्नीकडून ती ओळ म्हणवून घेतली आणि गोजरामायच्या आवाजाच्या जागी टाकली. "अजून आहे हं." आवाज गोड होता.

जळगावला गोजरामाय नवं लुगडं नेसून आली. पडद्यावर तिचं तोंड हललं आणि आवाज भलताच आला. तिने सुनेकडे वळून विचारलं, "हाऊ आवाज कोना शे?" आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. ते घ्यायला अक्का उठल्या नाहीत. मीच गेलो.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी राजूकडून मूळ कॅसेट घेतली आणि दोंडाईच्याच्या केबलवाल्याकडे गेल्या. त्याने टाळलं, पुन्हा गेल्या. नानांना सोबत नेलं. तो कंटाळून 'हो' म्हणेपर्यंत जात राहिल्या. मग एका संध्याकाळी गोजरामायचं स्वतःचं बोलणं घरोघर ऐकू आलं. पुढे धुळ्यातही कोणी 'झालं का?' विचारलं की लोक हसून "आजून शे" म्हणू लागले.

आणि बक्षीस मी घेतलेलं, त्यामुळे लोक समजले, ती ओळ सरांची. मी कोणाचंही म्हणणं खोडलं नाही. माझ्या निवृत्तीच्या समारंभात वक्त्याने तीच गोष्ट रंगवून सांगितली. मी हात जोडले. समोर अक्का बसल्या होत्या. तोवर त्या दोंडाईच्याला एका पतसंस्थेत लागल्या होत्या, गोजरामाय राहिली नव्हती. चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, "अक्का, तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी बोलले तर भांडण दिसंल, सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलले तर खरं ठरंल. तुम्ही सांगा. मी वाट पाहते."

त्यांनी बरीच वर्षं वाट पाहिली. भेटल्या की प्रकृती विचारायच्या, तो विषय कधी काढला नाही. गेल्या वर्षी त्या गेल्या.

म्हणून आता लिहितो. ती कल्पना पुष्पाअक्कांची होती, बोल गोजरामायचे होते. मी ती ओळ एकदा पुसली होती. माझा तिच्याशी संबंध तेवढाच.